दुकानदाराची हांक आणि समाजमाध्यमें
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या श्रावणांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. पुण्यांत त्याचें तांब्या-पितळेच्या भांड्यांचें दुकान आहे, आणि तें त्याच्या आजोबांपासून चालत आलेलें आहे. खुशालीच्या गोष्टी झाल्यावर त्यानें खिशांतून मोबाइल काढून माझ्यापुढें धरला व म्हणाला, "सर, इन्स्टाग्रामवर माझ्या दुकानाचे अकरा हजार फॉलोअर आहेत. परवां पितळी घंगाळाचें छायाचित्र टाकलें, तर दोन दिवसांत तें कसेंबसें दोनशें माणसांनीं पाहिलें. दुकानांत विचारावयास तर एकही आलें नाहीं. मग हे अकरा हजार लोक आहेत तरी कोठें?"

हा प्रश्न आज त्याच्या एकट्याचाच नाहीं. लोणचीं-मसाले करणाऱ्या गृहिणीपासून शिकवणीचे वर्ग चालविणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंपर्यंत प्रत्येकजण समाजमाध्यमांवर आपली पाटी लावून बसला आहे, आणि ती कोणी वाचीत कां नाहीं ह्या विवंचनेंत आहे. म्हणून आजच्या भाषणासाठीं मीं हाच विषय घेतला. ह्या विद्येंतला मी पंडित नव्हें. परंतु त्या विद्यार्थ्याच्या निमित्तानें ह्या कंपन्यांनीं स्वतः प्रसिद्ध केलेली माहिती मीं चिकाटीनें वाचून काढली, आणि ती बरीच उद्बोधक निघाली.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुकानाबाहेर पाटी लावली म्हणजे रस्त्यानें जाणाऱ्या सर्वांना ती दिसते. समाजमाध्यमावर टाकलेला मजकूरही तसाच सर्व फॉलोअरांना आपोआप दिसत असेल, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. असें समजा कीं एका वर्तमानपत्राचे कोट्यवधि वाचक आहेत, आणि त्यांतील प्रत्येकासाठीं एक स्वतंत्र संपादक नेमलेला आहे. आपला एकुलता एक वाचक कोणती बातमी थांबून वाचतो, कोणती ओलांडून जातो, कोणाचीं पत्रें आवडीनें उघडतो, ह्याचीं टांचणें हा संपादक ठेवतो, आणि त्यांवरून त्या एकट्यापुरता रोज नवा अंक जुळवितो. हा संपादक म्हणजे कोणी मनुष्य नव्हे. तें गणित करणारें यंत्र आहे, आणि त्या गणिताच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. तुमचें घंगाळ त्या अंकांत घ्यावें कीं न घ्यावें, हें त्या यंत्राच्या हातीं असतें.

असा संपादक नेमण्याची गरज कां पडली? जागा थोडी आणि मजकूर फार, हें त्याचें कारण. फेसबुकनें २०१४ सालीं दिलेल्या माहितीप्रमाणें, साधारण माणसानें तें उघडलें असतां त्याच्यापुढें येऊं शकतील अशा गोष्टी सरासरी १५०० असत. ज्यांचा मित्रपरिवार मोठा, त्यांच्या बाबतींत हा आंकडा १५,००० पर्यंत जाई. त्यांतून निवडून सुमारें ३०० त्याच्यापुढें ठेवल्या जात. इन्स्टाग्राम २०१० सालीं निघालें, आणि पहिलीं कांहीं वर्षें तेथें मजकूर ज्या क्रमानें येई त्याच क्रमानें दाखविला जाई. २०१६ सालीं कंपनीनें सांगितलें कीं, अशा रीतीनें माणसाच्या वांट्याला आलेल्या मजकुरापैकीं सरासरी शेंकडा ७० त्याच्या नजरेखालून जातच नाहीं. तेव्हां यापुढें क्रम आवडीप्रमाणें लागेल. पुढें जानेवारी २०१८ मध्यें फेसबुकनें आणखी एक पाऊल टाकलें. आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रक्रम मिळेल, आणि व्यापारी, वर्तमानपत्रें व संस्था ह्यांचा मजकूर पूर्वीपेक्षां कमी दिसेल, असें त्यांनीं उघड जाहीर केलें. दुकानदारांनीं त्यावर पुष्कळ कोलाहल केला. पण घरच्या माणसांचीं पत्रें आधीं आणि जाहिरातीचीं मागाहून, हा क्रम आपण स्वतःही टपाल उघडतांना पाळतों, हें कबूल केलें पाहिजे.

आतां हा संपादक गुण कसे देतो? उत्तरपत्रिका तपासण्यांत माझें आयुष्य गेलें, त्यामुळें ह्या प्रश्नांत मला विशेष गोडी वाटली. बहुतेक कंपन्या आपलें गुणांचें कोष्टक झांकून ठेवतात. ट्विटरनें मात्र, ज्याला आतां एक्स म्हणतात, २०२३ च्या मार्चअखेर आपल्या यंत्राची बरीचशी मांडणी जगापुढें ठेवली, आणि थोड्याच दिवसांत त्यांतील गुणही प्रसिद्ध झाले. ते आंकडे त्या वेळचे आहेत, आणि असे आंकडे वरचेवर बदलले जातात. तरी त्यांचें परस्परांशीं प्रमाण पाहण्यासारखें आहे. अमुक वाचक अमुक मजकुरावर काय काय करील, ह्याची शक्यता यंत्र आधीं अजमावितें. त्या प्रत्येक शक्यतेला ठरलेल्या गुणांनीं गुणितें. आणि सर्वांची बेरीज घेतें. लाइकला गुण अर्धा. वाचकानें तोच मजकूर आपल्या नांवें पुन्हा प्रसिद्ध केला तर १. त्यानें खालीं उत्तर लिहिलें तर १३.५. आणि त्या उत्तराची मूळ लेखकानें पुन्हा दखल घेतली तर ७५! उलट, 'असलें मला दाखवूं नका' असें वाचकानें कळविलें किंवा लेखकाला आपल्या दारांतून घालवून दिलें, तर उणे ७४. आणि रीतसर तक्रार नोंदविली, तर उणे ३६९. म्हणजे लाइकची आणि तक्रारीची शक्यता सारखीच धरली, तर एक तक्रार ७३८ लाइक धुऊन टाकते.

हें कोष्टक पाहिल्यावर मला आमच्या शाळेंतील एक गोष्ट आठवली. वर्गांत नुसती मान डोलावणाऱ्या मुलाला विषय समजला आहे असें आम्ही कधीं धरीत नव्हतों. ज्यानें हात वर करून प्रश्न विचारला, त्याच्यापर्यंत आपलें बोलणें पोंचलें अशी खात्री वाटे. लाइक म्हणजे मान डोलावणें. आणि आमचा सारा व्यापारीवर्ग ह्या डोलणाऱ्या माना मोजण्यांत गुंतलेला आहे.

मीं विद्यार्थ्याला विचारलें, "तुझ्या घंगाळाखालीं तूं काय लिहिलें होतेंस?" त्यानें दाखविलें: 'पितळी घंगाळ. उत्तम दर्जा. संपर्क साधा.' ह्यावर कोणीं काय उत्तर द्यावें? आधींच्या एका छायाचित्राखालीं दोन बायकांनीं किंमत विचारली होती, तर ह्याचें दोघींनाही उत्तर, 'मेसेज करा'. ही एक विचित्र रूढि सध्यां पडली आहे. दुकानांत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला बाजूस नेऊन कानांत किंमत सांगण्याची कल्पना कोणा दुकानदाराच्या मनांत येत नाहीं. येथें मात्र ती प्रतिष्ठेची झाली आहे. किंमत, वजन आणि उंची तेथल्या तेथें लिहिली असती तर त्या दोघींचें समाधान झालें असतें, न विचारतां वाचणाऱ्या पन्नासांचें काम झालें असतें, आणि यंत्रालाही कळलें असतें कीं येथें खरा संवाद चालू आहे.

राहिले ते अकरा हजार. जरा खोदून विचारल्यावर त्यानें खालीं मान घालून सांगितलें कीं त्यांतील नऊ हजार एका दलालाकडून विकत घेतलेले आहेत. हा धंदा सर्रास चालतो. त्या नांवांमागें बहुधा माणूसच नसतो. असला तरी त्याला पुण्याच्या घंगाळाशीं कांहीं कर्तव्य नसतें. इन्स्टाग्रामच्या नियमांत हें बसत नाहीं, आणि अशा कृत्रिम लाइक व फॉलोअर काढून टाकण्याचें त्यांनीं नोव्हेंबर २०१८ मध्यें जाहीर केलें होतें. पण माझ्या मतें खरी हानि निराळीच आहे. अकरा हजारांपैकीं दोनशें म्हणजे शेंकडा दोन देखील नव्हेत. म्हणून हा गृहस्थ खचून गेला होता. त्याचे खरे फॉलोअर दोन हजार. त्यांतले दोनशें म्हणजे दहांत एक, आणि इतका रुक्ष मजकूर असतांना हें प्रमाण कांहीं वाईट नव्हे. आपल्याच दुकानाचा गल्ला त्यानें खोट्या नाण्यांनीं भरून ठेवला होता, त्यामुळें खरी शिल्लक किती हें त्याचें त्यालाच कळेना.

"मग आतां टाकूं काय?" असें त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "तुला दिवसभर गिऱ्हाइकें काय विचारतात तें सांग." तो म्हणाला, "भाव विचारतात. आणि नेहमीं हेंच, कीं आजीचें पितळेचें पातेलें माळ्यावर पडलें आहे, तें वापरतां येईल काय? त्यांत आमटी केली तर कळकेल काय? कल्हई अजून कोणी करतें काय?"

श्रोतेहो, त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्याच्याच तोंडीं होतें. माझ्या लहानपणीं कल्हईवाला आळींत आला म्हणजे आम्ही मुलें त्याच्याभोंवतीं कोंडाळें करून बसत असूं. जमिनींत खळगा करून तो निखारे पेटवी, भाता चालवी, सांडशीनें पातेलें धरून लालबुंद विस्तवावर फिरवी. मग चिमूटभर नवसागर टाकी. त्याचा पांढरा धूर नाकांत झिणझिणत जाई. कथिलाची कांडी तापल्या भांड्याला लागतांच वितळे, आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेरा होतांच काळवंडलेलें भांडें आंतून रुप्यासारखें लखलखूं लागे. आम्हांला कोणी बोलावीत नसे. तरी त्या एका क्षणासाठीं आम्ही शाळेची घंटा देखील विसरत असूं. त्यामागील शास्त्र सोपें आहे. चिंच, आमसूल, ताक असे आंबट पदार्थ तांब्या-पितळेवर क्रिया करतात, आणि त्यांतून होणारे क्षार अन्नांत उतरून चव बिघडते व प्रकृतीसही अपाय होतो. मध्यें कथिलाचा थर असला म्हणजे ही क्रिया होत नाहीं. मात्र तें कथील शुद्ध पाहिजे. त्यांत स्वस्ताईसाठीं शिसें मिसळलेलें असेल तर उपायापेक्षां अपाय मोठा.

हेंच त्यानें चित्रित करावें असें ठरलें. इन्स्टाग्रामवर अशा लहान चित्रफितींना रील म्हणतात. २०२० सालीं त्या तेथें सुरू झाल्या. त्यांच्या बाबतींत यंत्र काय पाहतें, हें त्या संस्थेचे प्रमुख ऍडम मोसेरी ह्यांनीं २०२१ सालच्या एका लेखांत सांगितलें आहे: माणूस ती शेवटपर्यंत पाहील काय, ती त्याला आवडेल काय, इत्यादि. अंधुक, दुसऱ्या माध्यमाचा शिक्का बसलेल्या, मुक्या, चौकट घातलेल्या किंवा नुसत्या अक्षरांनीं भरलेल्या चित्रफिती पुढें ढकलण्याचें ते टाळतात. पुढें जानेवारी २०२५ मध्यें त्यांनीं तीन गोष्टी विशेष महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: लोक किती वेळ पाहतात, पाहणाऱ्यांपैकीं किती जण लाइक करतात, आणि पाहणाऱ्यांपैकीं किती जण ती दुसऱ्या कोणाला पाठवितात. ओळखीच्या मंडळींत लाइकचें वजन थोडें अधिक. परंतु ज्यांनीं तुमचें नांवही ऐकलें नाहीं अशा लोकांपर्यंत पोंचावयाचें, तर पाठविण्याचें वजन अधिक. ह्या शेवटच्या गोष्टीवर माझें मन फार वेळ रेंगाळलें. घंगाळाचें छायाचित्र कोण कोणाला पाठवील? परंतु 'आजीचें पातेलें पुन्हा वापरतां येईल काय?' हा प्रश्न मुलगी आईला पाठवील, आणि आई आपल्या बहिणीला.

पहिला प्रयत्न फसला. चित्रफितीच्या आरंभीं आठ सेकंद दुकानाची पाटी, मग गणपति, मग आजोबांची तसबीर, आणि वर सनईचे सूर. पूज्यभाव योग्यच; पण अंगठ्याच्या एका फटकाऱ्यानें पुढें जाणारा मनुष्य इतका वेळ थांबत नाहीं. मीं त्याला तें सर्व काढावयास लाविलें. दुसऱ्या खेपेस पहिल्याच क्षणीं हिरवट-काळें पातेलें निखाऱ्यावर दिसलें, वर तो प्रश्न ठळक अक्षरांत. पाऊण मिनिटांत कल्हई पुरी. आणि शेवटीं शुद्ध कथिलाविषयीं एक वाक्य व कल्हईचा दर. आवाज बंद ठेवून पाहणारालाही कळावें म्हणून बोललेले शब्द खालीं लिहिले. ज्यांनीं ज्यांनीं प्रश्न विचारले, त्यांना त्यानें त्याच दिवशीं उत्तरें दिलीं, भावासकट. लक्षावधि लोकांनीं पाहिलें, वर्तमानपत्रांत आलें, असें कांहीं घडलें नाहीं. मात्र त्याच्या खऱ्या फॉलोअरांच्या कित्येक पट लोकांनीं ती पाहिली, आणि पंधरवड्यांत दहा-बारा जुनीं पातेलीं कल्हईसाठीं दुकानांत आलीं. घंगाळ अद्याप शिल्लकच आहे.

येथें एका मोहाचा उल्लेख केला पाहिजे. त्याचा पुतण्या हुशार आहे. उत्तरांना एवढे गुण मिळतात हें ऐकतांच तो म्हणाला, "मग भांडणच लावूं या कीं! नॉनस्टिक वापरणाऱ्या सुनांवर एक खोंचक रील करूं; शेंकडों बायका तुटून पडतील." त्याचा हिशेब सर्वस्वीं चूक होता असें मी म्हणत नाहीं. २०१७ पासून फेसबुकवर रागावलेल्या चेहऱ्याच्या चिन्हास लाइकच्या पांचपट वजन दिलें जात होतें. तें शून्यावर आणावयास सप्टेंबर २०२० उजाडलें, आणि मधल्या काळांत राग आणणाऱ्या मजकुराला किती पाय फुटले हें २०२१ सालीं बाहेर आलेल्या त्यांच्याच कागदपत्रांवरून जगाला कळलें. परंतु रागावून उत्तर देणारी बाई भांडें घ्यावयास येत नाहीं. ती तक्रार नोंदविते, आणि तक्रारीचे गुण आपण पाहिलेच आहेत. शिवाय ज्या दुकानांत तीन पिढ्या सासवा-सुना जोडीनें आल्या, त्या दुकानानें त्यांच्यांत कलि घालावा, हें मला मुळींच रुचलें नाहीं. मीं साफ मना केलें. विद्यार्थी मात्र क्षणभर घुटमळला होता, हें मला दिसलें. दिवाळीच्या तोंडावर रिकामें दुकान पाहणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाहीं.

'आवडलें असेल तर लाइक करा, पांच मैत्रिणींना टॅग करा' ह्या याचनेविषयीं थोडक्यांत सांगतों. अशा ओढूनताणून मिळविलेल्या प्रतिसादाला खालचें स्थान देण्याचें फेसबुकनें डिसेंबर २०१७ मध्येंच जाहीर केलें. तरी आमच्याकडे ती अजून प्रत्येक जाहिरातीखालीं सही-शिक्क्यासारखी आढळते.

दुसरी गोष्ट शोधणारांची. कित्येक लोक समाजमाध्यमावर आपण होऊन शोध घेतात. 'कल्हई पुणें' असे शब्द लिहून पाहतात. इन्स्टाग्रामनें २०२१ सालीं सांगितलें आहे कीं, दुकानाचें नांव, परिचयाच्या ओळी आणि चित्राखालील मजकूर ह्यांत नेमके शब्द व ठिकाण असावें. विद्यार्थ्याच्या परिचयांत काय होतें? 'परंपरा, विश्वास, आपुलकी.' तीन्ही गुण थोर. पण ते शोधीत कोणी भांड्यांच्या दुकानांत येत नाहीं. आतां तेथें पितळ, तांबें, कल्हई, पेठेचें नांव आणि दुकानाची वेळ लिहिली आहे.

पैसे देऊन मजकूर अधिक लोकांना दाखविण्याची सोय ह्या कंपन्या करतात, आणि तींत गैर कांहीं नाहीं. ती सरळ जाहिरातच आहे. आपल्या शहरापुरती, थोड्या दिवसांची आणि आधींच लोकांना आवडलेल्या चित्रफितीची ती करावी, एवढेंच मी सुचवीन. प्रसिद्ध व्यक्तीला भांडें फुकट देऊन तिच्याकडून स्तुति करवून घ्यावयाची असेल, तर मात्र सावध राहावें. अशा स्तुतीमागें देवघेव आहे हें पाहणाराला स्पष्ट शब्दांत कळविलें पाहिजे, असे निर्देश केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जानेवारी २०२३ मध्यें काढलेले आहेत. आणि वस्तु फुकट देणें हीही देवघेवच होय.

विकत घेतलेले नऊ हजार फॉलोअर काढून टाकण्याचें काम मोठें कंटाळवाणें निघालें. पुतण्या रोज रात्रीं दुकान बंद झाल्यावर शंभर-दोनशें नांवें खोडतो. आंकडा खालीं उतरतांना पाहून विद्यार्थ्याच्या पोटांत अजून गोळा उठतो. गल्ल्यापाशीं त्यानें एक वही ठेवली आहे, आणि गिऱ्हाईक जें विचारील तें तींत त्याच्याच शब्दांत उतरून ठेवतो. परवां मी गेलों तेव्हां वहींतला शेवटचा प्रश्न एका आजीबाईंचा होता: तारेच्या घासणीनें घासलें तर कल्हई निघते काय? त्याचें उत्तर चित्रित करण्यासाठीं कल्हईकर गुरुवारीं सकाळीं यावयाचा होता, आणि खरवडून दाखविण्याकरितां एक जुनें पातेलें आजीबाईंनींच देऊं केलें होतें.